आवाज असलेला शांत किनारा

माझे बाबा कोळशाच्या खाणीत अंडरग्राउंडला होते. ड्रिल मशीनवर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते आणि आई कन्हानलाच राहिले. मी लग्नानंतर नागपुरात, अजनीला. रविवारी मी आणि माझी मुलगी स्कूटरने त्यांच्याकडे जातो.

बाबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. खाणीतल्या बऱ्याच जणांना कमीच ऐकू येतं, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. आई त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन बोलायची. लग्नात ते मांडवाबाहेर, जिथं लोक चपला काढतात तिथं खुर्ची ओढून बसायचे. विहारात कार्यक्रम असला आणि लाउडस्पीकर सुरू झाला की उठून घरी यायचे. आई म्हणायची, "रिटायर झाल्यापासून माणूस चिडका झाला आहे." आम्हीही तेच धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना नागपुरात धंतोलीला कान तपासायला नेलं. तपासणारी मुलगी तरुण होती. काचेच्या खोलीत बसवून तिनं सगळ्या तपासण्या केल्या आणि बाहेर आल्यावर सहज विचारलं, "काका, कानात आवाज येतो का? भोंगा, शिट्टी, असं काही?"

"येते ना," बाबा म्हणाले. "शिट्टी. खाणीत होतो तेव्हापासून येते."

"कधी कधी येते?"

"कधी कधी नाही. येतच राहते. आता बी येऊन राहिली."

आई बाजूच्या खुर्चीवर होती. ती एकदम सरळ बसली. "मले कधी सांगतलं नाही तुम्ही!"

"तुले काय सांगू? तुले ऐकू येणार होती का?"

इतकी वर्षं हा माणूस शिट्टी ऐकत जेवत होता, शिट्टी ऐकत झोपत होता आणि आम्ही त्याला चिडका म्हणत होतो.

त्या मुलीनं समजावून सांगितलं की ही शिट्टी औषधानं जात नाही, पण तिच्या जोडीला दुसरा एखादा संथ आवाज असला तर ती मागे पडते. घर अगदी चिडीचूप ठेवू नका, पण गोंगाटही नको. कानाच्या मशीनचं माप घेतलं आणि मग तिनं बाबांना हेडफोन लावून एकेक आवाज ऐकवायला सुरुवात केली. पंख्याचा. पावसाचा. नदीचा. बाबा प्रत्येक वेळी हातानं नाही म्हणत होते. चौथा आवाज लागला तेव्हा हात उचलला गेला नाही. ते तसेच बसून राहिले. त्यांचे खांदे खाली आले, हे मी पाहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"समुद्र आहे काका."

"बरं आहे," बाबा म्हणाले.

बाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आईनंही नाही. खरं सांगायचं तर मी आणि माझ्या नवऱ्यानंही नाही. नागपूरच्या माणसाला कोणत्याही बाजूनं निघालं तरी समुद्र लांबच. आमचं फिरणं म्हणजे लग्न, मयत, बारसं. आई-बाबा एकदा मोहल्ल्यातल्या लोकांसोबत बस करून बोधगया आणि सारनाथला गेले होते, तेवढंच. सगळ्यांनी मिळून नुसतं फिरायला जाणं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

समुद्राचा तो आवाज मी बाबांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि एक छोटा स्पीकर आणून दिला. दुपारी ते तो लावून खुर्चीत पडायचे आणि डोळा लागायचा. आईला मात्र तो सोसवत नव्हता. "दिवसभर घरात लाटा. बसल्या बसल्या ओलं वाटते मले," म्हणायची. शेजारची बाई एकदा पाणी भरायचा गुंड घेऊन धावत आली, तुमच्याकडे नळ आला का म्हणून विचारायला.

अशाच एका रविवारी बाबांनी मला विचारलं, "हा आवाज खरा असते का वं बाई, का मशीनीत बनवतात?"

"खरा असते बाबा. कोणीतरी समुद्रावर जाऊन भरून आणला असन."

बाबांनी थोडा विचार केला. "मंग एकदा खरा ऐकाले पायजे."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेलं मला फारसं काही आठवत नाही. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो आयटीआयमध्ये शिकवतो, कोणतीही गोष्ट ऐकली की आधी तिची जोडणी कशी करायची हे त्याच्या डोक्यात सुरू होतं. "चाललो मग," तो म्हणाला. "सगळेच जाऊ." मुलगी सातवीत होती. तिनं त्याच संध्याकाळी मैत्रिणींना सांगून टाकलं, त्यामुळे माघार घेण्याचा प्रश्न उरला नाही.

पण कुठं जायचं? नवऱ्याच्या सहकाऱ्यांनी गोवा सांगितलं. मी गोव्याचे व्हिडिओ पाहिले, किनाऱ्यावरची गाणी ऐकली आणि तो विषय बंद केला. कोकणात जाऊन आलेले एक जण म्हणाले, आता तिथंही सुट्टीत स्पीकर घेऊन गाड्या उतरतात. गोंगाटात बाबांची शिट्टी आणि मशीन दोन्ही मिळून त्यांचा जीव घेतात. शिवाय मशीन कानात असली की जवळचं भांडंही तोफेसारखं वाजतं. म्हणजे आम्हाला समुद्र हवा होता, पण माणसं नसलेला.

सीताबर्डीवर एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. त्यानं रंगीत पुस्तिका पुढे सरकवली. त्यात पाण्याखाली चालणं होतं, मोटारबोटीच्या मागे छत्री बांधून उडणं होतं, मेणबत्त्या लावून जेवण होतं.

"तिथं शांतता असते का?" मी विचारलं.

"म्हणजे कशी, मॅडम?"

"म्हणजे आवाज नसणे."

तो मनापासून विचार करून म्हणाला, "डीजे रात्री दहाला बंद होतो."

शेवटी अंदमान निघालं, तेही मोठ्या बेटाच्या पलीकडचं एक लहान बेट. नवऱ्याला त्याचा नकाशा सापडला. तिथं शेती जास्त, हॉटेलं कमी, बहुतेक लोक एखादी चक्कर मारून परत फिरतात. मी तिथल्या लोकांना थेट फोन करायला लागले. पहिल्या दोघांनी मला बोनफायर देऊ केला. तिसरा एक बंगाली माणूस होता. घराच्या मागेच दोन खोल्या बांधून त्यानं पाहुण्यांना ठेवायला सुरुवात केली होती.

"भैया, आपका बीच शांत है क्या?"

"एकदम शांत, दीदी. कोई आवाज़ नहीं. पत्ता हिलने की भी नहीं."

मी लगेच हो म्हणून टाकलं. मला त्या वाक्यात काही खटकलं नाही.

मग कधी जायचं यावर महिनाभर गेला. दसऱ्याच्या आसपास तिकीट सोयीचं मिळत होतं, पण बाबांनी ऐकूनच घेतलं नाही. "दसऱ्याले घर बंद ठेवता येत नाही," म्हणाले. बरोबरच होतं. दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे लोक दरवर्षी माझ्या घरी उतरतात, आई-बाबाही तेव्हा माझ्याकडेच येतात आणि आई तीन चुली पेटल्यासारखा स्वयंपाक करते. त्यानंतरचे दिवस तिकडे वादळाचे. डिसेंबरात सगळी दुनिया तिथं. शेवटी फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला, मुलीच्या शाळेत सुट्टीचा अर्ज देऊन.

आईचा विरोध वेगळाच होता. विमानाची भीती वगैरे तिला नव्हती. तिचा प्रश्न एकच होता, आणि तो ती प्रत्येक रविवारी विचारायची.

"तिथी जाऊन करायचं काय?"

"काही नाही आई. बसायचं."

"बसाले इतक्या दूर काहून? इथं ओटा आहे ना."

"समुद्र पाहायचा."

"पाहून झाल्यावर?"

आई ज्या ज्या घरी गेली तिथं तिनं जाऊन काम केलेलं आहे. लग्नघरी पोळ्या, मयताच्या घरी दुसऱ्या दिवशीचं वरण-भात, लेकीच्या बाळंतपणात सगळंच. रिकाम्या हातानं कुठं गेलं की काय होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. एकदा ती चिडून म्हणाली, "तुम्ही जा त्याइले घेऊन. मी घर पाहतो." बाबा खुर्चीतून म्हणाले, "तुझी माय येत नसन तं मी बी नाही जात." बाबांना आमचं बोलणं ऐकू गेलं होतं. मशीनचा तो पहिला फायदा, आणि आईला तो अगदी नको त्या वेळी झाला. ती चिवड्याचे मुरमुरे भाजायला उठली, तेव्हा मी समजले की ती येणार.

चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, एक डबा ज्वारीचं पीठ. छोटी शेगडीही घ्यायची होती तिला. विमानात नेऊ देत नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग तिथी भाकर कशावर टाकू?" नवऱ्यानं तिला गंभीरपणे सांगितलं की तिकडच्या लोकांकडेही चूल असते.

विमान कलकत्त्याला बदलायचं होतं. उतरताना कान दडतात म्हणून डॉक्टरांनी बाबांना गोळी चघळायला सांगितली होती, त्यांनी ती मुलीला देऊन टाकली. इंजिनाचा आवाज त्यांना आवडला. "यात शिट्टी नाही येत," मला ओरडून म्हणाले, आणि पुढच्या दोन रांगा मागे वळल्या.

हाल झाले ते बोटीत. पोर्ट ब्लेअरहून बेटावर जाणारी बोट चारही बाजूंनी बंद होती, थंडगार, आणि पुढच्या मोठ्या पडद्यावर नाचगाणी लावलेली. बाबांनी मशीन काढून खिशात ठेवली तरी ठोके छातीत बसत होते. ते दोन्ही कानांवर हात ठेवून खाली मान घालून बसले. मी उठणार तेवढ्यात मुलगी उठली, पुढे गेली आणि तिथल्या माणसाशी बोलून आली. आवाज थोडा कमी झाला. "काय सांगितलंस?" मी विचारलं. "सांगितलं की आजोबांच्या कानात आधीच एक चालू आहे," ती म्हणाली.

घर फोटोत होतं तसंच होतं. सुपारीची झाडं, मागे वाळूची वाट आणि वाटेच्या शेवटी समुद्र. सामान टाकून आम्ही तसेच सगळे निघालो. किनाऱ्यावर एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं. पाणी हिरवं, निळं, काचेसारखं, आणि हलतही नव्हतं. ओहोटी होती. लांबपर्यंत खडक उघडे पडले होते, त्यांच्या मधल्या डबक्यांत आभाळ दिसत होतं. इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नव्हतं.

बाबा पाण्याच्या कडेपर्यंत गेले. मशीन नीट बसवली. डावा कान पुढे केला. मग उजवा. आम्ही मागे उभे होतो.

"काय झालं बाबा?"

ते माझ्याकडे वळले. "हा तं बोलतच नाही," म्हणाले.

खरंच, कसलाही आवाज नव्हता. ओल्या वाळूत पाणी मुरावं तेवढीही कुजबुज नव्हती. आणि एवढ्या शांततेत त्यांची शिट्टी किती वाढली असेल हे मला त्यांच्या कपाळावरून कळत होतं. इतके महिने मी ज्याच्या त्याच्याकडे शांतता मागत होते आणि ती मला पुरेपूर मिळाली होती. मला रडूच आलं. मी चेहरा धुवायच्या निमित्तानं पाण्यात वाकले, तर ते खारट निघालं. एवढंही लक्षात राहिलं नव्हतं.

नवरा सरळ मालकाकडे गेला. "भैया, लहर कहाँ है?"

"लहर?" तो माणूस गोंधळला. मग त्याला जरा लागलंच. "दीदी ने तो शांत माँगा था. मैंने शांत दिया."

त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. बाबांचं काम, शिट्टी, फोनमधला समुद्र. ऐकता ऐकता त्याचा राग गेला. तो म्हणाला, या बाजूला पाण्याखाली प्रवाळाची भिंत आहे, लाटा बाहेरच फुटतात, इथं पोचत नाहीत. पण बेटाच्या दुसऱ्या टोकाला उघडा समुद्र आहे. तिकडे पाणी भरायला लागलं की चांगला आवाज असतो. लोक तिथं पहाटे सूर्य पाहून निघून जातात, नंतर कुणी नसतं. त्यानं भरतीची वेळ पाहून सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ओळखीची रिक्षा बोलावली.

रिक्षातून उतरायच्या आधीच तो आवाज आला. फोनमधल्यापेक्षा जाड. एक लाट फुटून संपते न संपते तोच दुसरी. बाबा वाळूवरून आमच्या पुढे चालत गेले. एक मोठं झाड आडवं पडून पांढरं झालं होतं, त्याच्या बुंध्यावर जाऊन बसले. वारा जोराचा होता आणि मशीनमध्ये शिरून खरखर करत होता, म्हणून त्यांनी वैतागून ती काढली आणि डबीत ठेवली. मला वाटलं, झालं, आता काय ऐकू येणार.

थोड्या वेळानं त्यांनी आईला हाक मारली. "अवं! मशीनीबिगर ऐकू येऊन राहिलं!"

आईला पटेना. ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. बाबा समुद्राकडे न पाहता, डोळे मिटून, लाट फुटली की हात खाली आणायचे. एकही चुकली नाही. नंतर धंतोलीच्या त्या मुलीनं मला सांगितलं की यंत्रांच्या गोंगाटानं गेलेले कान बारीक, उंच आवाज गमावतात. घुमणारा जाड आवाज बऱ्याचदा शिल्लक असतो. त्या वेळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही नुसते त्यांच्या हाताकडे पाहत होतो.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "शिट्टी आहे का?"

त्यांनी कानात जरा शोधल्यासारखं केलं. "असन," म्हणाले. "माझं ध्यान नव्हतं तिकडं."

आम्ही तिथं दुपारपर्यंत होतो. मुलगी आणि नवरा पाण्यात, मी अर्धी पाण्यात. आई मात्र बाबांशेजारी फार वेळ बसू शकली नाही. तिनं पदरात शंख-शिंपले गोळा केले, तर रिक्षावाल्यानं सांगितलं की इथून काही न्यायला मनाई आहे. "इतके पडले आहे तं कोणाचं काय जाते?" म्हणत तिनं ते परत टाकले, आणि टाकतानाही चांगले वेगळे, फुटके वेगळे असे टाकले. मग म्हणाली, "पाहून झालं. आता?"

तिचं उत्तर तिला दुसऱ्याच दिवशी मिळालं. मालकाचं घरामागे भाजीचं शेत होतं. आई सकाळी चहा घेऊन तिकडे गेली ती जेवणाच्या वेळेपर्यंत आलीच नाही. मी शोधत गेले तर ती आणि मालकाची बायको वांग्याच्या ओळीत बसलेल्या. आईची नागपुरी हिंदी आणि त्या बाईची बंगाली हिंदी, दोघींचं निम्मं निम्मं एकमेकींना कळत होतं. "हमारे उधर का बैंगन ऐसा लंबा नहीं रहता, गोल रहता, काटेवाला," आई सांगत होती, आणि ती बाई काट्यांचं ऐकून आश्चर्य करत होती. दोघींनी मिळून त्या संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी टाकल्या. त्या बाईची पहिली भाकर तव्यावर फाटली तेव्हा आई खूप वेळ हसली. आईला असं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

तिथून पुढं आमची वाटणी ठरून गेली. भरतीच्या वेळी आम्ही चौघं रिक्षानं लाटांकडे आणि आई भाजीच्या वाडीत. शेवटच्या दिवशी बाबांनी तिला आग्रहानं सोबत घेतलं. दोघं घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढली जाते, तशी आई दचकली आणि तिनं बाबांचा दंड धरला. चारचौघांत तिनं त्यांना असं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना काहीतरी म्हणालीही, पण लाटेत मला ते ऐकू आलं नाही. बाबांना आलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

निघताना मुलीनं तो आवाज फोनमध्ये भरून घेतला होता. कन्हानला आल्यावर तिनं मोठ्या उत्साहानं आजोबांना लावून दिला. त्यात वारा होता, तिच्या बापाची हाक होती, आणि मध्येच माझं "चप्पल सांभाळ गं" होतं. बाबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग प्रेमानं म्हणाले, "यात तुमचीच बडबड जास्त आहे," आणि दुपारी झोपताना आपला जुनाच लावला.

शिट्टी गेलेली नाही. थंडीत ती वाढते, झोप झाली नाही की वाढते. पण आता ते सांगतात. आई सकाळी चहा देताना विचारते, "आज कशी आहे?" आणि ते हातानं खाली-वर दाखवतात. वर दाखवलं की ती त्या दिवशी मिक्सर लावत नाही, चटणी पाट्यावर वाटते.

परतल्यावर पहिल्या रविवारी मोहल्ल्यातल्या बाया ओट्यावर जमल्या होत्या. समुद्र कसा असतो, त्यांना ऐकायचं होतं. आई त्यांना वांग्याचं सांगत राहिली. ते किती लांब असतं, त्याला तिकडे खत काय घालतात, सरसूच्या तेलात कसं शिजवतात. एकीनं न राहवून मधेच विचारलं, "अवं, पण समुद्र?"

"पाणी लय आहे," आई म्हणाली, आणि वांग्याकडे वळली.